डबा बऱ्हाणपूरला पोचलाच नाही

जुने शहर, अकोला
१२ मे २०२६

चिंतामण,

आशीर्वाद. तुझ्या वयाच्या भावाला आशीर्वाद द्यायचा म्हणजे देव बुद्धी देवो एवढेच म्हणता येते. ते मी रोज म्हणते. अजून आलेली दिसत नाही.

जुईलीने काल जेवताना सांगितले की बाबा त्या नितेशच्या मोटारसायकलवर मागे बसून चिखलदऱ्याच्या डोंगरात जाणार आहेत, तिथे तंबू ठोकून राहणार आहेत, आणि त्यावरून मुलगा कसा आहे ते ठरवणार आहेत. मी कानातले यंत्र काढून, पुसून पुन्हा घातले. मला वाटले, भलतेच काहीतरी ऐकू आले. पण पोरगी डोळ्यांत पाणी आणून तेच पुन्हा सांगत होती.

फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. मला तुझे अर्धे ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यावर विश्वास बसत नाही. म्हणून नेहमीसारखी कुंदनच्या हाती चिठ्ठी. माझ्या वरच्या मजल्यावर राहणारा हा बिचारा रोज अमरावतीला जातो तो नोकरीसाठी. भावाबहिणीच्या भांडणाची ने-आण करायची हे त्याच्या नेमणुकीत नव्हते.

तुझे वय चौसष्ट. कोर्टात जायला आयुष्यभर लूना वापरलीस, आणि पाऊस आला की तीसुद्धा ढकलत घरी आणायचास. तुझ्या मणक्याची चकती सरकलेली आहे. तंबूत झोपायचे म्हणजे भुईवर झोपायचे, हे तुला कुणी सांगितले आहे ना? घरच्या गादीला घडी पडली तर तू जुईलीच्या आईला चार दिवस ऐकवायचास. गेली बिचारी, सुटली.

आणि परीक्षा कशाची? पोरगा वरुडला संत्र्यांच्या पॅकिंगचे काम सांभाळतो, भातकुलीत घरची शेती आहे, आईबाप धडधाकट आहेत, सुपारीचेही व्यसन नाही. जुईली सत्तावीस वर्षांची आहे, इथल्या कॉलेजात शिकवते. तिने तुला स्वच्छ सांगितले, पळून जाणार नाही. पण तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या कुणाशी लग्नही करणार नाही. तीन महिने झाले, ती माझ्याकडे राहते आहे आणि तुझ्याशी बोलत नाही. आणि तू म्हणतोस, विचार करतो. तू विचार करायला बसलास की मला फार भीती वाटते.

नाही म्हणण्याचे खरे कारण मला माहीत आहे, तुलाही आहे. एकदा मोठ्याने म्हणून टाक, मोकळा होशील. जात मोडा म्हणून व्यासपीठावर तासतासभर बोलणारा माणूस तू. कुणब्याचा मुलगा जावई होऊन घरात येतो म्हटल्यावर तुला डोंगर आठवले.

चारुशीला

*

अमरावती
१४ मे

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळाले. शिव्या नेहमीप्रमाणे शुद्धलेखनाच्या नियमांनुसार आहेत. एवढी वर्षे मुख्याध्यापिका होतीस, ते वाया गेले नाही.

जातीचा प्रश्न नाही. हे मी तुला लेखी देतो. प्रश्न मुलाचा आहे. हा नितेश दर उन्हाळ्यात फटफटीला तंबू बांधून डोंगर हिंडतो आणि त्याची चलच्चित्रे मोबाइलवर टाकतो. मी तीन पाहिली. प्रत्येकाची सुरुवात 'नमस्कार राजेहो!' अशी. मग दहा मिनिटे हा पातेल्यातल्या शेवया दाखवतो. मग म्हणतो, 'पाहा राजेहो, काय नजारा आहे!' नजारा आपल्याला कधीच दिसत नाही, कारण मध्ये हा स्वतः उभा असतो. ज्याला गावात बूड टेकवत नाही, तो माझ्या मुलीचा संसार काय करणार?

माणूस ओळखायचा तर त्याच्याबरोबर प्रवास करावा, असे दादा म्हणत. तेव्हा त्याच्याच मैदानात जाऊन मी त्याची उलटतपासणी घेणार आहे. चिखलदऱ्याच्या पठारावर त्याच्या ओळखीच्या कुणा डोमाजींचे वावर आहे, तिथे तंबू लावायचा. जंगलात कुणी राहू देत नाही. दुसऱ्या दिवशी सेमाडोह, धारणी करत बऱ्हाणपूरला तुझ्या लेकीकडे, चारुताकडे, आणि मग परत. पाठीला पट्टा बांधणार आहे.

एका बाबतीत मी निर्धास्त आहे. शेतकऱ्याचा मुलगा आहे. तंबू, चूल, रानात राहणे हे सगळे त्याच्या हातचा मळ असणार.

तुझा
चिंतामण

*

अकोला
१८ मे

चिंतामण,

शेतकऱ्याचा पोरगा म्हणून त्याला तंबू ठोकता येतो? मग वकिलाचा पोरगा म्हणून तुझ्या ईशानला भाडेकरार वाचता यायला हवा होता. बंगलोरच्या घरमालकाने त्याला बोटावर नाचवला तेव्हा तुझे रक्त कुठे गेले होते?

असो. जाणारच आहेस तर माझे एक काम कर.

कालपासून अधिक महिना लागला. तुला सांगायला हवे, कारण तू पंचांग मानत नाहीस, फक्त ते पाहिल्याशिवाय घरातले कपाटसुद्धा हलवत नाहीस. आपल्या जावयाला, गौरांगला, अधिकाचे वाण द्यायचे आहे आणि या उन्हात मला बऱ्हाणपूर झेपणार नाही. कुंदनबरोबर डबा पाठवते आहे. त्यात तेहेतीस अनारसे आहेत, निरांजन आहे, तुपात भिजवलेली वात आहे आणि काडेपेटीही घातली आहे, कारण तुझ्यावर सोडले तर तू काडेपेटी शोधायला बऱ्हाणपूरचा बाजार पालथा घालशील. मामा म्हणून माझ्या वतीने तू दे. लेक-जावयाला जोडीने बसव, तोंड पूर्वेला, दिवा लाव आणि डबा त्याच्या हातात दे. मंत्र येत नसतील तर गप्प राहा, तेही चालते.

वाटेत डबा उघडू नकोस. दिवाळीच्या आधी आई फराळाचे डबे मोजून ठेवायची ते कुणामुळे, हे मी विसरलेली नाही.

अनारसे थापायला जुईली माझ्याबरोबर बसली होती. खसखस तिनेच लावली. कुणासाठी, ते तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. आजकाल ती काहीच विचारत नाही.

चारुशीला

*

अमरावती
२० मे

ती. ताईस,

डबा मिळाला. जड आहे. उद्या उजाडताच निघतो.

नितेश आज गाडी दाखवायला आला होता. काय तो थाट! फुगवायची उशी, घडीची खुर्ची, उन्हावर चालणारा कंदील, आणि एक चाकू, ज्यात आणखी चार चाकू. हे सगळे पाहून मला वाटले, हा डोंगरात जात नसून त्याची मुंज आहे.

सामान बांधायला तो आकड्यांची लवचीक जाळी घेऊन आला होता. मी ती बाजूला ठेवली. शाळेत स्काउटमध्ये गाठी मारण्यात माझा पहिला नंबर होता, हे तुला माहीत आहे. तंबू, शिध्याची पिशवी, तुझा डबा, सगळे मी स्वतः सुतळीने बांधले. तो विचारत होता, 'काका, वरून जाळी लावू का?' मी म्हटले, 'गाठ माझी आहे.' तर म्हणाला, 'बरं.'

बस, एवढेच. 'बरं.' या मुलाला स्वतःचे मत म्हणून नाही. मी नोंद करून ठेवली आहे.

चिंतामण

*

अमरावती
२५ मे

ती. ताईस,

परत आलो. हातपाय शाबूत आहेत, पाठ नाही. निकाल आधी लिहितो, कारणे नंतर. मुलगा नापास. जुईलीला सांगावे.

आता कारणे. परतवाडा सोडल्यावर घाट लागला. हा म्हणतो, 'काका, वळनावर मायासंगं झुका.' मी त्याला सांगितले की मी जन्मात कुणाबरोबर झुकलेलो नाही. पुढच्या वळणावर गाडी रस्ता सोडून कडेच्या मुरुमात जाऊन आली. चालवणाऱ्याला गाडी सांभाळता आली पाहिजे, मागचा कसाही बसो.

घाटात कुठेतरी शिध्याची पिशवी पडली. वर पोचल्यावर लक्षात आले. प्रवासात अशा गोष्टी होतात.

मग तंबू. तंबू नवा. सूचनांचा कागद चिनी भाषेत. ज्या काठ्या बाहेरून ओवायच्या त्या याने आतून घातल्या, आणि तंबू पोट बिघडलेल्या बैलासारखा खाली बसला. तेवढ्यात डोमाजींची म्हैस काय चालले आहे ते पाहायला आली, तर हा सरकत सरकत माझ्या मागे येऊन उभा राहिला! मी म्हटले, अरे, शेतकऱ्याचा मुलगा ना तू? त्यावर म्हणतो, 'काका, आमच्या घरी ट्रॅक्टर आहे. म्हशी तं माया आज्याच्या वक्ती होत्या.' ताई, साठ वर्षे मी वऱ्हाडात राहतो, म्हशीला भिणारा कास्तकार मला पहिल्यांदाच दिसला.

मग वावटळ उठली आणि तंबू उडून आंब्यावर जाऊन बसला. त्याने तो काढायचा प्रयत्न केला, तेव्हा आंबा तसाच राहिला आणि तंबू फाटला. आम्ही वावरातल्या कुडाच्या खोपीत आश्रय घेतला.

दिवेलागणीची वेळ. शिधा नाही, पोटात कावळे ओरडताहेत. त्याच्या त्या उन्हावरच्या कंदिलाने मान टाकलेली. दिवसभर पिशवीत ठेवल्यावर दुसरे काय होणार? नाइलाजाने तुझा डबा उघडला. उजेडाला तुझे निरांजन लावले आणि अनारसे त्याला दिले. मी एकही खाल्ला नाही, मला तुपाने जळजळते. गौरांगची माझ्या वतीने क्षमा माग.

दुसऱ्या दिवशी पाठ धरली म्हणून बऱ्हाणपूर रद्द केले. उतरताना हा घाटभर इतक्या हळू चालवत होता की लाकडे भरलेली बैलगाडी आमच्या पुढे गेली आणि गाडीवानाने मागे वळून पाहिले. वर दर मैलाला, 'काका, थांबू का?' भाजी निवडणारी बाई याच्यापेक्षा लवकर निर्णय घेते.

सारांश, तंबू येत नाही, म्हशीला भितो आणि तोंड उघडत नाही. अशाला मुलगी द्यायची? नाही.

चिंतामण

*

अकोला
२७ मे

चिंतामण,

आता पाठीला उशी लाव, चष्मा पूस आणि शांतपणे वाच.

महिना अधिक. अनारसे तेहेतीस. निरांजन पेटलेले. देणारा मुलीचा बाप. घेणारा मुलीने निवडलेला मुलगा. अरे वकिला, हे वाण अख्ख्या वऱ्हाडात कुणाला देतात? भाच्याला नाही, शेजाऱ्याला नाही, भुकेल्या वाटसरूला तर मुळीच नाही. फक्त जावयाला. माझ्या घरी येणाऱ्या भांडीवालीला विचार, तीही सांगेल. कोर्टात पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या सह्या तपासल्यास आणि स्वतः मात्र न वाचता अंगठा उठवलास.

आणि गौरांगची क्षमा मागायची गरज नाही. त्याला मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वीच्या अधिकात त्याला मी वाणात बदाम दिले होते, तेव्हा त्याच पंगतीला तूही होतास, पण तुझे लक्ष श्रीखंडात. साखरेच्या रोग्याला मी तेहेतीस अनारसे कशाला पाठवीन, हा प्रश्न तुला अमरावतीत पडला नाही, परतवाड्यात पडला नाही, घाटातही पडला नाही. माझे काम झाले. तू डबा उघडणार हे मला डबा भरतानाच माहीत होते. तू दिवाळीला कधी थांबला नाहीस, उपाशीपोटी डोंगरात काय थांबणार?

आता तुझ्या कारणांविषयी. शिध्याची पिशवी 'कुठेतरी पडली'. पिशव्या कंटाळून आपण होऊन उतरत नाहीत. तुझे वीस तारखेचे पत्र माझ्यासमोर आहे. गाठ तुझी होती. त्यावर तो मुलगा काय बोलला, ते एवढ्या लांब पत्रात तू कुठेच लिहिले नाहीस. याचा अर्थ तो काही बोलला नाही. त्याच्या जागी तू असतास तर आजपर्यंत बोलत असतास.

जुईलीला तुझा निकाल सांगितला. ती रडली नाही. कपाटातली पुस्तके खाली काढली आणि पुसून पुन्हा लावत बसली, मग पुन्हा काढली. अनारशांचे तिला मी सांगितलेले नाही. ते तुझ्या तोंडून येऊ दे. माझे तोंड तिला रोजच ऐकावे लागते.

चारुशीला

*

अमरावती
२९ मे

ती. ताईस,

म्हणजे कट होता तर. या वयात तुला हे शोभते का, असे विचारणार होतो, पण तुला ते नेहमीच शोभत आले आहे.

कायद्याने तुझे म्हणणे टिकत नाही. दान म्हणजे देणाऱ्याचा हेतू हवा. माझा हेतू नव्हता. भूक होती आणि अंधार होता. पुरात बुडणाऱ्याने फळी धरली, म्हणून त्याने सुताराला जावई करून घेतले असे कुणी म्हणत नाही. साक्षीदार पाहशील तर एक म्हैस. घेणाऱ्याला तर आपण काय घेतो आहोत याचा पत्ताच नव्हता; त्याने नुसते खाल्ले.

निकाल कायम.

तुझी खात्री नसेल तर त्या मुलालाच लिहून विचार, माझी हरकत नाही. डबाही त्याच्याकडेच राहिला आहे, मागवून घे. चांगला डबा आहे.

घरी ठीक. स्वयंपाकाच्या बाई अजून दोघांचा भात लावतात. सांगून थकलो.

चिंतामण

*

भातकुली
१ जून

आत्याबाईले नमस्कार.

तुमची चिठ्ठी भेटली. जुईली सांगते का तुमाले फोनवर आयकू येत नाई, म्हणून लिहून राहिलो. कॉलेज सुटल्यापासून कागदावर काही लिवलं नाई, जसं बोलतो तसंच लिवतो. चुकलं तं पोटात घाला.

तुमी इचारलं का काका उपाशी होते का. नाई आत्याबाई. तुमी टेन्शन घेऊ नका. डोमाजी मामाच्या घरून दिवस बुडाच्या आंधीच पिठलं-भाकर आन् कांदा आला होता. दोघंबी पोटभर जेवलो. काकानं तीन भाकरी खाल्ल्या. काका म्हणे, असं पिठलं अमरावतीत भेटत नाई.

पिशवी माया हातून सुटली होती. काकाले त्याच्यावरून काही बोलू नका.

कंदिलाचं म्हणसान तं तो बराबर चालू होता. लय उजेड पडते त्याचा. पन काकाच म्हणे, 'बंद कर तो.' मी बंद केला. मंग म्हणे, 'इकडे तोंड करून बस.' मी म्हटलं, काहून काका? तं म्हणे, 'पूर्व इकडे आहे.' मंग त्यायनं डब्बा काढला. निरांजन लावलं, ते हवेनं इझलं. आखीन लावलं, आखीन इझलं. मंग काकानं हाताचा आडोसा केला न् तिसऱ्या खेपेले लावलं, आन् सगळा डब्बा माया हातात देल्ला. काही बोलले नाई. मी म्हटलं, काका, तुमीबी एक घ्या. तं म्हणे, 'नाही. ते तुझं आहे.'

आत्याबाई, आमच्या घरीबी वाण असते. माया बहिनीच्या, आरतीताईच्या नवऱ्याले माय दर अधिकात देते. मी लायना नाई, मले समजलं. पन मी चूप राह्यलो. बोललो असतो तं काकाले लाज वाटली असती न् त्यायनं डब्बा वापस घेतला असता. काकाचा सभाव तुमाले माहीतच आहे.

चार खाल्ले तितं. बाकीचे घरी आनले. मायले सांगतलं तं तिनं ते देवापुढं ठेवले न् पदर डोयाले लावला. बाबा म्हणे, कोनाले सांगू नको, वकीलसायेब सोताहून बोलतीन तवाच खरं. म्हणून जुईलीलेबी सांगतलं नाई. ते फोनवर रडते, मले आयकवत नाई. पन काकाची गोष्ट काकाच्याच तोंडून निंघावं असं मले वाटते. तुमी इचारलं म्हणून तुमाले सांगतलं, मोठ्या मानसासंग खोटं कसं बोलावं.

डब्बा पाठवून राहिलो. मायनं रिकामा पाठवू देल्ला नाई, कुरड्या भरल्या.

म्हशीचं काकानं तुमाले सांगतलं असन. ते खरं आहे.

नितेश

*

अकोला
३ जून

चिंतामण,

नितेशचे पत्र सोबत जोडले आहे. तू आधी ते वाच आणि मग हे. नाहीतर हे आधी वाच, म्हणजे ते वाचताना कुठे लाज वाटायला हवी ते कळेल.

खोटारड्या!

भूक होती? तीन भाकरी. अंधार होता? चांगला चालता कंदील तू बंद करायला लावलास. हेतू नव्हता? वाऱ्यात तीन वेळा वात लावलीस आणि त्याचे तोंड पूर्वेला फिरवलेस. मी आठवडाभर स्वतःवर खूश होते, चिंतामणला कसा गंडवला म्हणून कुंदनच्या बायकोला दोनदा सांगितले. आणि तू मला गंडवत होतास. श्रीखंड खाता खाता बदाम पाहिले होतेस तर तू. डबा हातात आला तेव्हाच तुला कळले होते की तो बऱ्हाणपूरचा नाही.

पिशवीबद्दल त्या पोराने तुझ्यासाठी खोटे लिहिले आहे, तेही पुढे 'मोठ्या माणसाशी खोटं कसं बोलावं' असे लिहून. खोटे बोलायचे त्याला तंबूइतकेच जमते. या एका गोष्टीत तू त्याच्या पुष्कळ पुढे आहेस.

होय म्हणायला जीभ उचलेना, म्हणून माझ्या डब्याच्या मागे लपलास. वर मला कायदा शिकवलास, आणि त्याला विचार म्हणून मलाच कामाला लावलेस, म्हणजे तुझ्या तोंडचे त्याने सांगावे, त्याचे मी सांगावे आणि तू मात्र निकाल कायम म्हणून बसावे. जन्मभर भाषणे केलीस आणि आपल्या मुलीशी बोलायचे दोन शब्द तुझ्याजवळ नाहीत. मला तुझा भयंकर राग आला आहे. हे लिहिताना मी रडतेही आहे आणि त्याचाही राग आला आहे.

पण तुम्हा दोघा शहाण्यांच्या गुळणीत पोरगी मरते आहे. एक भातकुलीत मिठाची गुळणी धरून बसलाय, एक अमरावतीत. तिला वाटते, बाप नाही म्हणाला आणि सगळे संपले. काल तिने अभ्यासाला परदेशी जाता येते का याची चौकशी केली. मला म्हणाली, आत्या, इथे राहून आता काय करू?

पंधरा जूनला अधिक संपतो. तोपर्यंत मला पत्र हवे आहे. मुद्दे नकोत, दाखले नकोत, सुतार नकोत. ते मी जुईलीच्या हातात देणार आहे, तेव्हा बापासारखे लिही.

चारुशीला

*

अमरावती
५ जून

ती. ताईस नमस्कार, आणि हे जुईली वाचणार आहे, म्हणून तिला आशीर्वाद.

गाठ माझी होती. पठारावर पोचलो आणि पाहिले तर पिशवी नाही. सुतळी तेवढी लोंबत होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो. म्हटले, आता बोलेल. बोलणार नाही तर निदान तोंडावर तरी दिसेल. तो म्हणाला, 'काका, तुमी सावलीत बसा, मी पानी पाहून येतो.' पाणी घेऊन आला आणि पुढे दोन दिवस त्याने पिशवीचे नाव काढले नाही. माझा सगळा जन्म दुसऱ्याची चूक हातात धरून उभे राहण्यात गेला. आयती हातात आलेली चूक कुणी अशी खाली ठेवून देतो, हे मी पाहिले नव्हते.

जेवण झाल्यावर मी डबा काढला. पुढचे त्याने लिहिलेच आहे. वात तिसऱ्यांदा लावली, हेही खरे. पहिल्या दोन वेळा वारा नव्हता, माझाच हात हलला.

ताई, तू पहिल्या पत्रात जे कारण म्हणालीस तेच कारण होते. मोठ्याने म्हणायला सांगितले होतेस, ते जमत नाही, म्हणून लिहून देतो. चौदा तारखेला लेखी दिले होते ते मागे घेतो.

तुझ्याकडून हरायची मला लहानपणापासून सवय आहे. त्या मुलाकडून हरायची नव्हती. म्हणून तू जिंकल्यासारखे होऊ दिले. त्याच्यात पोरीचे हाल झाले, ही माझी चूक. ती कुणी खाली ठेवू नये.

आता राहिले वाण. लेक-जावयाला जोडीने द्यायचे, असे तूच लिहिले होतेस. मी एकट्याला दिले, म्हणजे अर्धेच झाले. अधिक संपायला अजून दिवस आहेत. अनारसे मी इथून विकत आणीन. तुझे फार कडक होतात, परतीच्या वाटेवर त्याच्या डब्यातला एक मी काढून पाहिला होता.

तेव्हा जुईलीला घरी पाठव. नितेशच्या गाडीवर ये म्हणावे. सामान त्याला बांधू दे.

चिंतामण